तलब, तौबा आणि चुंबक



पुण्यात शिकणाऱ्या एका तरुणाने गेल्या महिन्यात मला एक प्रश्न विचारला. त्याचे वडील तीस वर्षांपासून सिगारेट ओढतात. मनाने धार्मिक आहेत, नमाज चुकवीत नाहीत, आणि सिगारेट सोडण्याचा निश्चय दर रमजानला करतात. दर शव्वालला तो मोडतो. आता कुणीतरी त्यांना सांगितले आहे, की डोक्याला चुंबक लावून ही तलब उतरविण्याचा उपचार निघाला असून तो ज्याच्या त्याच्या मेंदूनुसार बेतण्याच्या दिशेने संशोधन चालू आहे. मुलाने विचारले, "हजरत, हे जायज आहे का?" मी उत्तर देण्यापूर्वीच त्याने पुढचे सांगितले. त्याच्या मते त्याच्या अब्बांची खरी अडचण जायज-नाजायजची नव्हतीच. अब्बांचे म्हणणे असे होते : "यंत्राने सोडवली, तर मी ती अल्लाहसाठी सोडली असं कसं म्हणू? मग त्यात माझं काय राहिलं?"

प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्याने मला तीन आठवडे झोपू दिले नाही. आज दोहोंविषयी लिहितो. परंतु तत्पूर्वी हा उपचार आहे तरी काय, ते नीट समजून घेऊ. ज्या वस्तूचे स्वरूप ठाऊक नाही तिच्यावर हुकूम लावू नये, असे आमचे उस्ताद बजावीत असत.

१८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले, की बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत विजेचा प्रवाह निर्माण करते. मेंदूतील पेशीही विजेच्याच भाषेत परस्परांशी बोलतात. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून क्षणभर तीव्र चुंबकीय स्पंद सोडला, आणि माणसाचा हात आपोआप हलला. कवटी उघडली नाही, कातडीला ओरखडाही नाही. या पद्धतीला ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन म्हणतात; आपण तिला चुंबकीय उद्दीपन म्हणू. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यावर ती आज जगभर वापरली जाते, आपल्या देशातील मोठ्या शहरांतही.

मग धूम्रपानाशी तिचा संबंध कसा आला? त्यामागे पक्षाघाताच्या रुग्णांची एक विलक्षण हकीकत आहे. मेंदूत, कानशिलाच्या आत खोलवर दडलेला इन्सुला नावाचा एक भाग आहे. शरीराच्या आतल्या खबरा तेथे पोहोचतात : छातीची धडधड, घशाची कोरड, पोटातला खड्डा. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी मेंदूला इजा झालेल्या ६९ धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १९ जणांच्या इन्सुलाला इजा झाली होती. या १९ पैकी १३ जणांनी धूम्रपान सोडले, आणि त्यांतल्या १२ जणांनी ते असे सोडले, की जणू कधी धरलेच नव्हते. पुन्हा ओढले नाही, ओढावेसेही वाटले नाही. त्यांच्यातल्या एकाने सांगितले होते, की आपले शरीर ओढण्याची इच्छाच विसरून गेले.

वाचकहो, मी हे वाचले तेव्हा वही मिटून ठेवली. ज्या इच्छेशी माणसे जन्मभर झुंजतात, ज्या इच्छेपायी आम्ही मिंबरवरून त्यांना लज्जित करतो, तिचे एक ठाणे अल्लाहने मेंदूच्या इवल्याशा घडीत ठेवले आहे. त्या घडीतला रक्तपुरवठा थांबला आणि इच्छा गेली. आपल्या नफ्सबद्दल आपण जे बोलतो, त्यातले किती आपल्याला खरोखर कळलेले असते?

अर्थात तलब घालविण्यासाठी कुणी पक्षाघात मागणार नाही. संशोधकांनी चुंबकाचा मार्ग धरला. त्यासाठी खोलवर पोहोचणारे विशेष वेटोळे तयार झाले, आणि १४ केंद्रांवर २६२ धूम्रपान करणाऱ्यांवर त्याची परीक्षा झाली. प्रत्येकाचा सोडण्याचा निदान एक प्रयत्न तरी पूर्वी फसलेला होता. बहुतेकांचे तीन किंवा अधिक. तीन आठवडे रोज एक बैठक, शनिवार-रविवार सुट्टी. नंतरचे तीन आठवडे आठवड्यातून एकदा. निम्म्यांना खरे उद्दीपन, निम्म्यांना तसाच आवाज करणारे लटके यंत्र, आणि कुणाला काय मिळते आहे ते कुणालाच ठाऊक नाही. सोडल्याचा शब्दही निव्वळ तोंडचा चालला नाही. लघवीची तपासणी करून खात्री केली गेली. १८ व्या आठवड्यापर्यंत ज्यांनी सर्व बैठका पार पाडल्या, त्यांच्यापैकी खऱ्या यंत्राखालचे २८ टक्के आणि लटक्या यंत्राखालचे ११.७ टक्के लोक सलग चार आठवडे सिगारेटपासून दूर राहू शकले. मध्येच सोडून गेलेल्यांनाही हिशेबात धरले, तर हे आकडे १९.४ आणि ८.७ असे उतरतात. या परीक्षेच्या आधाराने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२० मध्ये धूम्रपान सोडविण्यास अल्पकालीन साहाय्य म्हणून या यंत्राला मान्यता दिली.

या आकड्यांपाशी क्षणभर थांबा. शेवटपर्यंत टिकलेल्या दर शंभरातील बहात्तर जण खऱ्या यंत्राखाली बसूनही सुटले नाहीत. ज्यांना हा जादूचा खडा वाटत असेल, त्यांनी ही संख्या लक्षात ठेवावी. आणि जे लटक्या यंत्राखाली बसले, ज्यांच्या मेंदूला चुंबकाने स्पर्शही केला नाही, त्यांच्यातलेही काही सुटलेच. त्यांना कशाने सोडविले? रोज ठरल्या वेळी जाणे, कुणीतरी आस्थेने विचारणे, 'मी सोडतो आहे' हे रोज नव्याने म्हणणे. आपण ज्याला नियत म्हणतो, ती प्रयोगशाळेतही हजर होती. फक्त तिचे नाव तक्त्यात नव्हते.

आता 'ज्याच्या त्याच्या मेंदूनुसार' या शब्दांविषयी. यातला काही भाग आजही प्रत्यक्षात आहे. किती जोराचा स्पंद सोडायचा, हे साधारणतः प्रत्येक रुग्णाच्या हाताचे स्नायू किती स्पंदाने थरथरतात ते पाहून ठरवतात; एकाचे माप दुसऱ्याला लागू पडत नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे एमआरआयने त्या माणसाच्या मेंदूतले धागेदोरे आधी पाहणे, आणि नेमका बिंदू त्यावरून निवडणे. नैराश्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या अशा पद्धतीला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. त्याच वर्षी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला : मेंदूच्या निरनिराळ्या ठिकाणी इजा होऊन ज्यांचे धूम्रपान सुटले, त्यांच्या इजा जागेने वेगळ्या असल्या तरी एकाच जाळ्याला जोडलेल्या होत्या, असे त्यात दिसले. म्हणजे हे जाळे कुठे छेडायचे, हे माणसागणिक शोधावे लागेल. धूम्रपानापुरते हे काम अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. तेव्हा पुण्याच्या त्या अब्बांना जर कुणी 'तुमच्या मेंदूचा नकाशा काढून खात्रीने सोडवतो' असे सांगून पैसे मागत असेल, तर त्यांनी सावध राहावे. ज्यांच्या डोक्यात धातूची पट्टी, क्लिप किंवा श्रवणयंत्राचे रोपण आहे त्यांना हा उपचार चालत नाही. ज्यांना फिट येते त्यांनी तर मेंदूविकारतज्ज्ञाला विचारल्याविना या वाटेला जाऊच नये. डोके दुखणे ही नेहमीची तक्रार. फिट येण्याचा प्रसंग क्वचित, पण येऊ शकतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देता येते. हा उपचार घेणे जायज आहे. अल्लाहच्या रचनेत फेरफार करण्याची सैतानाची धमकी सूरह अन्-निसामध्ये आली आहे, ती काहींना येथे आठवते. पण ती आयत रोग दूर करण्याला लागू होत नाही. मोडलेले हाड सांधणे हा रचनेत फेरफार नव्हे. येथे तर मूळ रचनेत तंबाखू नव्हतीच. ती आपण आत नेली. फुप्फुसांतून निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथल्या पेशींना आपली सवय लावते. ही सवय उतरविणे म्हणजे मेंदूला त्याच्या मूळ घडणीकडे परत नेणे होय. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करून घेण्यास सांगितले, आणि अल्लाहने इलाजाविना कोणताही रोग उतरविला नाही, अशी ग्वाही दिली. स्वतःला आपल्याच हातांनी विनाशात लोटू नये, ही सूरह अल-बकरातील आज्ञा तर आपण सर्वजण जाणतो.

जाता जाता एक. तंबाखूचा हुकूम काय, यावर आपल्या फुकहांनी चार शतके वाद घातला आहे. ही वनस्पती अमेरिकेतून आली. अकबराच्या दरबारात ती असद बेगने नेली, तीही आपल्या दख्खनमधल्या विजापुराहून. तेथल्या हकीमांनी तेव्हाच नाके मुरडली होती. जहांगीरने १६१७ मध्ये तिला मनाई केली. उस्मानी सुलतान चौथ्या मुरादने तर मृत्युदंड ठेवला, आणि त्यानंतर दमास्कसच्या अब्दुल गनी नाबुलसींसारख्या विद्वानाने ती मुबाह असल्याचा ग्रंथ लिहिला. नाबुलसींना फुप्फुसाचा कर्करोग ठाऊक नव्हता. आपल्याला आहे. जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसे तंबाखूने मरतात, हे कळल्यावर 'मकरूहच तर आहे' ही ढाल पुढे करणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. मी त्यांना कर्करोगाच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसून यायला सांगतो.

आता अब्बांचा प्रश्न. त्यात माझे काय राहिले?

हा प्रश्न नवा नाही, हे मला आमच्याच एका जुन्या ग्रंथाने सांगितले. इमाम गझाली (र.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'च्या तौबा-प्रकरणात दोन तौबा करणाऱ्यांची तुलना केली आहे. एकाच्या मनातून पापाची ओढच नाहीशी झाली आहे. दुसऱ्याची ओढ शाबूत आहे, आणि तो तिच्याशी झुंजतो आहे. यांत श्रेष्ठ कोण? काही विद्वान म्हणाले, झुंजणारा, कारण त्याच्याकडे मुजाहदा आहे. काही म्हणाले, ओढ संपलेला, कारण तो सुरक्षित आहे. गझालींनी दोघांचेही अर्धे अर्धे खरे मानले. ओढ जर केवळ देह दुबळा झाल्याने संपली असेल, तर झुंजणारा श्रेष्ठ. पण ती जर पूर्वीच्या झुंजीने आणि दृढ विश्वासाने ताब्यात आली असेल, तर शांत झालेला श्रेष्ठ. झुंज हे साध्य नव्हे, हे त्यांनी शिकाऱ्याच्या दाखल्याने समजाविले : घोडा आणि कुत्रा माणसाळवून ज्याने आपल्या हुकमात आणले, तो त्यांच्याशी अजून ओढाताण करणाऱ्याच्या पुढे गेला आहे.

चुंबकाखाली बसलेल्या माणसाला यांपैकी कोणत्या पारड्यात घालावे? इन्सुलावर घाव बसून ज्याची तलब गेली, तो पहिल्या प्रकारातला. त्याने काही केले नाही, त्याच्यावर ते ओढवले. पण उपचार घेणाऱ्याचे तसे नाही. त्या परीक्षेतला एक तपशील मुद्दाम सांगतो. प्रत्येक बैठकीच्या आरंभी रुग्णाची तलब जाणूनबुजून जागी केली जाई. सिगारेटची चित्रे दाखविली जात, तिची आठवण करून दिली जाई. हेतू असा, की ओढीचे जाळे पेटलेले असतानाच त्यावर स्पंद पडावा. आणि बैठकीअंती थोडे धीराचे बोलणे होई. म्हणजे तो माणूस आठवड्यामागून आठवडे घरातून निघतो, आपल्या शत्रूला स्वतः हाक मारतो, त्याच्यासमोर बसतो आणि हात खिशाकडे जाऊ देत नाही. याला मुजाहदा म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. दोरी दुसऱ्याने वळलेली असली म्हणून बांधणाऱ्याचा हात खोटा ठरत नाही.

मद्याची मनाईदेखील अल्लाहने एका फटक्यात उतरविली नाही. आधी त्यातले पाप लाभाहून मोठे असल्याचे सांगितले. मग नशेत नमाजच्या जवळ जाऊ नये असा आदेश आला. आणि अखेरीस पूर्ण मनाई. ज्याने मन घडविले, त्याने मनाला पायऱ्या दिल्या. मग त्या अब्बांनी आणखी एक पायरी वापरली, तर कमीपणा कसला?

रमजानविषयीही त्यांना सांगायचे आहे. तेरा-चौदा तास जो सिगारेटला शिवत नाही आणि मगरिबची अजान जवळ येताच कासावीस होतो, त्याला वाटते की आपले शरीर निकोटीन मागते आहे. ते खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. तेल अवीवच्या रूव्हेन दार यांनी विमानातील सेवकांची तलब लहान आणि लांब उड्डाणांत मोजली. सिगारेट सोडून तितकाच वेळ झालेला असताना, लहान उड्डाण उतरणीला लागल्यावर तलब उसळली होती. लांबच्या उड्डाणात त्याच घटकेला ती शांत होती. शब्बाथला धूम्रपान न करणाऱ्या धर्मनिष्ठ ज्यूंचीही त्या दिवशीची तलब त्यांनी तपासली, तीही कमीच आढळली. जे शक्यच नाही असे मन मानते, त्याची मागणी ते करीत नाही. रोजा ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे याचा पुरावा आहे : दुपारी तीनला तो शांत असतो. दार उघडणार हे दिसले, की आतला मुसाफिर उठून उभा राहतो. म्हणून इफ्तारनंतरची ती पहिली सिगारेट सर्वांत घातक. दिवसभर उभारलेली भिंत ती एका काडीने पाडते.

येथे मला माझ्याविषयी काही सांगणे भाग आहे. अन्यथा हा लेख अप्रामाणिक ठरेल.

इमाम म्हणून माझे दुसरे वर्ष होते. आमच्या मस्जिदीत एक वयस्कर हमाल येत. बिडीचे बंडल सदऱ्याच्या खिशात, आणि वास चार माणसे ओलांडून येई. शेजारी उभे राहणारे कुरकुर करीत. एका जुम्याला मी बयानात कच्चा कांदा-लसूण खाऊन मस्जिदीत येण्यास मनाई करणारी हदीस सांगितली, आणि तिच्यापुढे बिडी जोडली. हदीस खरी होती, जोडही चुकीची नव्हती. पण बोलताना मी तिसऱ्या ओळीत त्यांच्याकडे पाहिले. माझ्याबरोबर अख्ख्या जमाअतीने पाहिले.

ते पुन्हा आले नाहीत. आधी मला वाटले, दुसऱ्या मस्जिदीत जात असतील. मग, खरे सांगतो, थोडे बरेही वाटले. कुरकुर थांबली होती. आठ महिन्यांनी त्यांच्या नातवाच्या अकीक्याला गेलो, तेव्हा ते दाराआड उभे राहून बोलले. म्हणाले, "इमामसाहेब, सात वेळा सोडली. एकदा पाच महिने राहिलो. तुम्हाला वाटलं, मला लाजच नाही. लाज होती म्हणून तर घरी पढतो."

प्रेषितांकडे (स.) माणसे एकच प्रश्न घेऊन येत, आणि उत्तरे वेगवेगळी घेऊन परतत. सर्वोत्तम कर्म कोणते, याचे उत्तर एकाला वेळेवरची नमाज मिळाले, दुसऱ्याला निराळे. एकाने उपदेश मागितला तेव्हा रागावू नकोस एवढेच सांगितले, आणि त्याने पुन्हा पुन्हा विचारल्यावरही तेच. समोरच्याची दुखरी जागा पाहून बोट तेवढ्याच दाबाने ठेवले जाई. मी मात्र एकच स्पंद एकाच जोराने साऱ्या सफांवर सोडला होता. स्टॅनफर्डचे संशोधक बिंदू शोधण्यासाठी माणसाला एमआरआयमध्ये निजवतात. मला त्या चाचांच्या घरी जाऊन चहा घ्यायलाही आठ महिने लागले.

चुंबकाचा उपचार त्यांना परवडणारा नव्हता आणि नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्याही आवाक्यात तो नसेल. म्हणून जे आवाक्यात आहे ते सांगतो. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात तंबाखूमुक्तीचा सल्ला मिळतो का, ते विचारावे. निकोटीनचा च्युइंगम, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या ब्युप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन या गोळ्या यांची उपयुक्तता चुंबकाच्या कितीतरी आधी सिद्ध झाली आहे. रोज्यात च्युइंगम चालत नाही, त्याने रोजा तुटतो. तेव्हा तो इफ्तार ते सहरीच्या दरम्यान घ्यावा. आणि घरातील मंडळींनी मोजदाद करू नये. 'आज किती ओढल्या' हा प्रश्न मी कुणाचीही बिडी सोडविताना पाहिलेला नाही.

पुण्याच्या त्या मुलाला मी लिहिले आहे, की अब्बांनी जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाला आधी औषधांविषयी विचारावे, चुंबकाचे मग पाहावे. आणि उपचाराला निघताना दोन रकअत नफील पढून निघावे. यंत्राखाली बसताना बिस्मिल्लाह म्हणायला कुणाची ना नाही. जे त्यांचे आहे ते त्यांनी घरातून निघतानाच दिलेले असेल.

चाचांना मी स्वतः रुग्णालयात घेऊन गेलो. दोनदा च्युइंगम संपला, दोनदा बिडी परतली. सध्या तिसरी खेप चालू आहे. गेल्या जुम्याला ते आले, आणि मागच्या दाराशी, चपलांजवळ उभे राहिले. मी इकामतीपूर्वी वळून म्हणालो, पुढे जागा आहे. ते हलले नाहीत. तेव्हा तिसऱ्या ओळीतला एक तरुण, जो पूर्वी सर्वांत मोठ्याने कुरकुरे, मागे गेला आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.